कशावरून म्हणतोस, अण्णा?

निपाणी
९ जानेवारी २०२५

प्रिय प्रज्ञेशअण्णा,
सप्रेम जय भीम.

फोन सोडून ज्योत्स्नाला पत्र कशाला सुचलं म्हणून पाकीट उलटंपालटं करून बघितलं असशील. घाबरू नको. आई-आप्पा बरे आहेत. वखारीत तंबाखूचा हंगाम सुरू झालाय, त्यामुळं आई खोकते, पण ते दरसालचंच.

काम माझं आहे. बीएला माझा मुख्य विषय अर्थशास्त्र, पण काही पेपर कॉलेजात सगळ्यांनाच असतात. बीए असो, बीकॉम असो. भाषा, संविधान, पर्यावरण, आकडे वाचायचे कसे, विचार करायचा कसा. आजवर आम्ही ते पाठ करायचो, लिहायचो आणि मार्क पडले की विसरायचो. यंदा कॉलेजनं ठरवलंय की मार्क पडले ते पडले, पोरांच्या अंगात काय उतरलं ते मोजायचं. प्रत्येकानं ह्या पेपरांतली एक गोष्ट निवडायची आणि कॉलेजात नसलेल्या एका माणसाला पत्रानं शिकवायची. त्या माणसानं स्वतःच्या हातानं उत्तर लिहायचं. ते उत्तर हाच आमचा पेपर. मोबाइलवरचं चालत नाही. सौम्या मॅडम म्हणतात, तिथं पुढं ढकललेलं कुणाचंही असतं. म्हणून हा कॉलेजचं नाव, नंबर छापलेला कागदही त्यांनीच दिलाय. ह्यात पास झालो नाही तर पदवी अडकते.

मी तुला निवडलं. आईला वाचता येत नाही, आप्पा वाचताना झोपतात. तू आठवीत शाळा सोडलीस, बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात टिकला न्हाईस, गोव्यात टिकला न्हाईस, आता कच्छात पवनचक्क्या उभ्या करतोस आणि आजपर्यंत कुणाचं ऐकलं न्हाईस. तुला काही शिकवलं तर ते खरंच शिकवलं म्हणायचं!

आता धडा. कुणी काही सांगितलं की मानण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. सांगणारा कोण? त्याला कशावरून कळलं? आणि याच्याशिवाय दुसरं काय असू शकेल? परवा शेजारच्या जयाबाई म्हणाल्या, गल्लीतल्या बोअरच्या पाण्यानं केस गळतात. कशावरून, विचारलं. तर म्हणे सुनेचे गळायलेत. सून तर बाळंत होऊन चार महिने झालेत, अण्णा. बाळंतपणानंतर केस गळतात हे त्यांनाही ठाऊक आहे, पण बोअरवर राग आहे.

तिकडं तुला कुणी काही सांगितलं तर हे लावून बघ आणि काय झालं ते लिही.

तुझी,
ज्योत्स्ना


भचाऊ, कच्छ
२४ जानेवारी २०२५

चि. सौ. कां. ज्योत्स्ना हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे ज्ञानवर्धक पत्र पावले व अंतःकरण आनंदाने उचंबळून आले. तू प्रतिपादन केलेल्या त्रिविध प्रश्नांनी माझ्या अंतर्यामी विवेकाचा दीप प्रज्वलित केला आहे. मानवाने ऐकीव वार्तेवर विश्वास न ठेवता प्रत्येक विधानाची चिकित्सा करावी, हे तत्त्व मी पूर्णतः आत्मसात केले असून दैनंदिन जीवनात त्याचा पदोपदी अवलंब करीत आहे. तुझ्यासारखी विदुषी भगिनी लाभली हे माझे परमभाग्य. तुझ्या महाविद्यालयाचा हा उपक्रम सर्वथैव स्तुत्य आहे.

तुझा बंधू,
प्रज्ञेश भीमसेन कांबळे

ता. क. चटणी संपली. आईला सांग येत्या पार्सलात जास्त घाल म्हणावं. इतं जेवण लई गोड.


निपाणी
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय अण्णा,

काय लिहिलंयस रे! मी दोनदा वाचलं. मग आईला वाचून दाखवलं. तिला काही कळलं न्हाय, पण पदर डोळ्याला लावला. आप्पा म्हणाले, "परगावी ऱ्हायलं की माणूस सुधारतंय." मी आजच मॅडमना नेऊन दिलं. वर्गात सगळ्यांच्या आधी माझं.

चटणी घातलीय. आणखी एक बाहेरचं काम चालू आहे कॉलेजचं, दिवसभर उभं राहून पाय दुखायलेत, म्हणून एवढंच.

तुझी,
ज्योत्स्ना


निपाणी
१८ फेब्रुवारी २०२५

अण्णा,

तुझं पत्र परत आलंय.

मॅडमनी मला खोलीत बोलावलं. सौम्या मॅडम धारवाडच्या, मराठी सावकाश बोलतात, वाचतात मात्र बारीक. म्हणाल्या, "हे भावानं लिहिलं?"
"व्हय मॅडम."
"कशावरून?"
मी पाकीट पुढं केलं. पोस्टाचा शिक्का दाखवला. म्हणाल्या, "पत्र पोस्टानं आणलं. पोस्टानं लिहिलं नाही." मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही चटणी कुणाची?"
"अण्णाची."
"आणि हा विवेकाचा दीप?"

मी कागद उजेडात धरला. अण्णा, अक्षर वेगळं आहे. वरचं सगळं मोत्यासारखं, आणि चटणी तुझी. मी इतक्यांदा वाचलं आणि मला दिसलं न्हाय.

मला वाटलं आता म्हणतील की तूच कुणाकडनं तरी लिहून घेतलंस. तसं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "तू फसवलंस असं मी म्हणत नाही. तुला ते आवडलं, म्हणून विचारलंच नाहीस. भावाला तीन प्रश्न शिकवायला निघालीस आणि स्वतः एकही विचारला नाहीस." बाहेर आले तर पोरी म्हणायल्या, काय गं, सगळ्यात आधी दिलंतंस न्हवं?

मार्चअखेरपर्यंत मुदत आहे. बाहेरच्या कॉलेजांतले परीक्षकही येणार आहेत. झालं न्हाय तर पदवी पुढच्या वर्षावर, म्हणजे बेळगावला एमएसडब्ल्यूला जायचं तेही पुढच्या वर्षावर. आणि पुढच्या वर्षाचा आप्पांचा बेत तुला माहीत आहे: वखारीत मुकादमाच्या हाताखाली वजनं लिहायला बस म्हणतात. एकदा बसले की मी उठत न्हाय, अण्णा. आई उठली का?

ते कुणी लिहिलं विचारत न्हाय. तुला धडा कळला नसेल तर कळला न्हाय म्हणून लिही. शिव्या घाल. पण तू लिही.

ज्योत्स्ना


भचाऊ
१ मार्च

ज्योत्स्ना,
जय भीम.

दोनदा लिवायला बसलो आणि उठलो. आता तिसऱ्यांदा बसलोय.

ते परशरामनं लिवलं. खानापूरचा हाय, एमए झालाय, इतं स्टोअरला बोल्ट देतो घेतो. मी त्याला म्हणलो, बहिणीची परीक्षा हाय, झक्कास लिव. त्यानं झक्कास लिवलं. लग्नाला जाताना माणूस दुसऱ्याचा शर्ट घालून जात न्हाय व्हय? तुझ्या कॉलेजात चार शिकलेली माणसं वाचणार, तितं माझा मळका शर्ट कशाला म्हणून केलं. त्याच्यात तुझं वाकडं व्हावं असं मनात नव्हतं.

पण उशीर झाला तो त्याच्यामुळं न्हाय. आता खरं लिवतो.

तुझं परत आल्याचं पत्र हातात पडलं त्याच दिवशी सूरजचा फोन आला. आपला सूरज, खालच्या गल्लीतला. म्हणाला, "तुझ्या चांगल्यासाठी सांगतो, रागावू नगंस. तुझी बहीण कॉलेजच्या वेळेला चिकोडीच्या स्टँडावर हुती. पोराच्या गाडीवरनं आलती. दुपारभर तितंच. आणि त्या एका पोरासंगं न्हवं, येईल त्या बाप्यासंगं उभी राहून बोलत हुती."

माझं डोकं फिरलं. आप्पांचा नंबर काढला. सुपरवायझरला म्हणलो मला गावाला जायचंय. म्हणलं जातो आणि कॉलेजच बंद करतो, पेपर नको आणि पदवी नको, वखार बरी.

दुपारी आमची क्रेन वाऱ्यामुळं थांबते. पवनचक्कीचं पातं खाली आडवं ठेवलेलं असतं, त्याच्या सावलीला आम्ही जेवतो. तितं तुझं पहिलं पत्र खिशातनं काढलं. शिकायला म्हणून न्हाय, हां. एवढं शिकून ही पोरगी असं करती तर हिचं तीन प्रश्न काय कामाचं, ते खोटं पाडावं म्हणून. म्हणलं सूरजलाच लावतो.

फोन लावला. म्हणलो, "तू सोता बघितलंस?"
"मी न्हाय रं. महादेवनं."
"महादेव कुठं हुता?"
"बसमधी. खिडकीला."
"बस किती येळ थांबलती?"
"थांबली असंल की थोडी! तू काय पोलीस हाईस व्हय?"
"थोडी थांबली तर दुपारभर तितंच हुती हे बसमधनं कसं दिसलं?"
"आरं, असंल की. एवढ्या उनाचं गेली म्हंजे लगीच येती व्हय?"
"म्हंजे ते तू घातलंस."
"मी तुझ्या भल्याचं सांगायलोय आणि तू माझीच झडती घ्यायलास! बहिणीनं पढवलंय तुला," म्हणाला आणि ठेवला. तेव्हापासनं बोलणं न्हाय.

दोन प्रश्न झालं. तिसऱ्याला गाडी अडली. याच्याशिवाय दुसरं काय असू शकेल. लई डोकं लावलं. पहिलं सुचलं ते वाईट, दुसरं सुचलं ते वाईट, तिसरं सुचलं ते त्याच्याहून वाईट. चांगलं काय सुचंनाच. हा प्रश्न तुझ्या कॉलेजवाल्यांनी लई सोपा समजलाय. माणूस रागात असला की त्याला एकच रस्ता दिसतो. मग म्हणलं आपल्याला सुचंना तर जिला ठावं हाय तिला विचारावं.

म्हणून विचारतो. तू चिकोडीला गेलतीस का? कशाला? खरं लिव. आप्पांना अजून बोललो न्हाय. गावाची रजा पण परत केली.

हे पत्र मॅडमला दाखवू नको. त्यांच्यासाठी वेगळं लिवतो, बोअरच्या पाण्यासारखं एखादं.

प्रज्ञेश


निपाणी
९ मार्च २०२५

अण्णा,

व्हय, गेलते.

पत्र वाचलं आणि आधी रागानं चुलीकडं घेऊन गेलते. माझ्याबद्दल तुझ्या मनात तीन वाईटं आली आणि तीही चढत्या भावानं. मग शेवटची ओळ आठवून परत फिरले. आप्पांना बोलला न्हाईस. रजा परत केलीस.

आता माझं ऐक. आकडे वाचायच्या पेपरासाठी आम्हाला बाहेर जाऊन माणसांना विचारायचं होतं. मी आणि वर्गातला साईराज, आम्हाला चिकोडी स्टँड आलं. बसवरच्या पाट्या कानडीत. आपल्याकडच्या जुन्या माणसांना बोलायला कानडी येतं, वाचायला न्हाय. मग त्यांना आपली बस कळते कशी, ते विचारायचं. त्याचं घर जवळ म्हणून तो गाडी घेऊन आलता, मी मागं बसले. आणि व्हय, येईल त्या बाप्यासंगं बोलत होते. बायांसंगं पण बोलले, पण त्या तुझ्या महादेवला दिसल्या नसतील. एक म्हातारा म्हणाला, "पोरी, मी पाटी बघतच न्हाय, ड्रायव्हर बघतो. ड्रायव्हर वळखीचा असला की बस माझी." एकदा म्हणे ड्रायव्हरची बदली झाली आणि आजोबा गोकाकला उतरले!

म्हणजे सूरजनं सांगितलं त्यातलं बरंचसं झालं होतं, अण्णा. फक्त तसं नव्हतं.

माझंही एक आहे. घरी मी लायब्ररीत जाते म्हणून सांगितलंतं, गाडीचं काढलं असतं तर आप्पांनी सोडलं नसतं. तुझं पत्र वाचल्यावर काल आईला खरं सांगितलं. मला वाटलं ओरडंल. म्हणाली, "बसलीस ते बसलीस, डोक्याला फडकं तरी बांधलंतंस का? ऊन बघ कसलं पडायलंय." आप्पांना तीच सांगणार आहे, तिच्या वेळेनं.

आता मुख्य. बोअरच्या पाण्याचं पत्र लिहू नको. मला पाहिजे ते पत्र तू लिहून बसलायस. मॅडमना हेच द्यायचं आहे. पण ते मॅडम वाचणार, बाहेरचे परीक्षक वाचणार. माझ्याबद्दल गल्लीत काय बोललं जातं आणि माझ्या भावाला काय वाटलं, सगळं. मला त्याची लाज वाटते, पण तुझ्याहून कमी असेल. तू दाखवू नको म्हणालायस, म्हणून तुझ्या शब्दाशिवाय देणार न्हाय. तू न्हाय म्हणालास तर दुसरं काय करू ते मला सुचत न्हाय. तुझ्या तिसऱ्या प्रश्नासारखं झालंय माझं.

लवकर कळव. मुदत जवळ आली.

ज्योत्स्ना


भचाऊ
१७ मार्च

ज्योत्स्ना,

दे.

सूरजचं नाव काट. मूर्ख हाय, पण आपला हाय. महादेवचं ठेवलंस तरी माझं काय म्हणणं न्हाय.

माझी तीन वाईटं मात्र काटू नको. काटलीस तर ते पण परशरामचं पत्र होईल. अक्षराला हसतील तर हसू देत. एवढ्या लांब मला काय ऐकायला येणार हाय?

मॅडमला म्हणावं खात्री पाहिजे असंल तर दुपारी जेवायच्या सुट्टीत फोन करा. नंबर मागं लिवलाय. परशरामला मी विवेक म्हंजे काय ते नीट विचारून ठेवलंय, ऐन वेळेला अडायला नको. त्यानं वहीच काढली, चार अर्थ सांगितलं. म्हणलो एकच सांग, चार कुठं ठेवू.

इतलं काम आवरत आलंय. ठेकेदार तमिळनाडूकडं चला म्हणतोय, पाय उचलायलाच लागलेत. पण तुझं निपटेपर्यंत हितंच, पत्ता बदलला तर परत घोळ.

आजोबाचं वाचून आमच्या सगळ्या मेसनं हसून घेतलं.

प्रज्ञेश


भचाऊ
२९ मार्च

ज्योत्स्ना,
जय भीम.

माझ्या हातनं काहीतरी बिघडलंय. फोन करून सांगायचा धीर हुईना, म्हणून लिवतो. वाचून ओरडायचं तेवढं ओरड.

काल दुपारी जेवत हुतो. अनोळखी नंबर. बाईचा आवाज, मराठी, पण कानडी वळणाचं. "प्रज्ञेश कांबळे का? मी ज्योत्स्नाच्या कॉलेजमधून सौम्या बोलते."

आता तूच बघ. गेल्या महिन्यात परशरामला अशीच एक गोड बाई बँकेतनं बोलते म्हणून गंडवून गेली. एमए झालेला माणूस, दोन दिवस जेवला न्हाय. तेव्हापासनं आमच्या मेसमधी अनोळखी नंबराला कोण सरळ बोलतच न्हाय. माझ्या तोंडातनं निघून गेलं, "तुम्ही मॅडमच कशावरून?"

तिकडनं म्हणाल्या, "अरे, ते पत्र तूच लिहिलंस कशावरून, हे विचारायला मी फोन केलाय!"
"ते सांगतो की. आधी तुमचं सांगा."
"ज्योत्स्ना तिसऱ्या बाकावर बसते."
"ते वर्गातल्या कुणालाबी ठावं."
"तुझ्या पहिल्या पत्रात चटणी होती."
"ते आमच्या परशरामला पण ठावं हाय."
परशराम शेजारीच जेवत हुता, तो मान डोलवायला लागला.
"मग तूच सांग, तुला कशानं पटेल?"

मी म्हणलो, "मॅडम, रागावू नका. मी हा फोन ठेवतो. ज्योत्स्नाच्या पहिल्या पत्राच्या कागदावर कॉलेजचा नंबर छापलाय. त्याच्यावर मी लावतो. तुम्ही खरंच तितं असला तर उचलाल."

आणि ठेवला. परशराम म्हणाला, "काय केलंस रं, परीक्षा घेणाऱ्याची परीक्षा घेतात व्हय?" मी ताट बाजूला सरकवलं. पण म्हणलोय तर लावलाच पाहिजे. कागद पार चुरगळलाय, एक आकडा पुसट झालता, दुसऱ्यांदा लागला. शिपायानं उचलला. म्हणलो सौम्या मॅडम हाईत का? म्हणाला, हाईत की, बाहेरनं आलेल्या परीक्षकांसंगं बसल्यात, टेबलावर कुणाच्या तरी भावाची पत्रं मांडल्यात, कोण बोलतंय? म्हणलो प्रज्ञेश. तर आत ओरडून म्हणाला, "मॅडम, त्यानं खरंच लावला!"

मॅडम आल्या. आवाज तोच. मी म्हणलो, "आता पटलं. विचारा काय विचारायचं ते." विवेकाचा अर्थ जिभेवर तयार ठेवलता. पण बाई खोकत हुत्या का काय, बोलायलाच येळ लावला. मागं आणखी दोन-तीन माणसं तसलंच खोकत हुती. मग म्हणाल्या, "नाही प्रज्ञेश. आता काही विचारायचं राहिलं नाही." आणि ठेवला.

एक प्रश्न न्हाय! एवढ्या तयारीनं बसलेल्या माणसाला एक प्रश्न न्हाय. पत्र मीच लिवलं कशावरून, ते पण न्हाय विचारलं.

चार माणसांत बाईचा अपमान झाला असंल, दुसरं काय? जाऊन माझ्या वतीनं माफी माग. म्हणावं शाळा कमी झालेला माणूस हाय, बोलायची रीत न्हाय. त्याचा राग तुझ्यावर काढू नका. आप्पांना एवढ्यात काय सांगू नको. वखारीचं मी बघतो, मी येऊन बोलतो त्यांच्यासंगं, रजा मागितलीय.

काल रातीपासनं तुझा तिसरा प्रश्न लावून बघायलोय. त्यांनी काहीच विचारलं न्हाय, याचा दुसरा काय अर्थ असू शकेल? पण मला तर पहिलं वाईट सुचतंय, दुसरं वाईट सुचतंय. तिसरं काय असंल ते तुला सुचलं तर लिव.

तुझा,
प्रज्ञेशअण्णा